काळी नीडल

"किती झाली?" माजगावकर सरांनी मान वर न करता विचारलं.

"चारशे बारा, सर."

"मागच्या सोमवारी?"

"चारशे नऊ."

"लिही."

मी मार्कर उचलला आणि केबिनमधल्या पांढऱ्या फळ्यावरचा ४०९ पुसून ४१२ लिहिला. ही आमच्या लॅबची सोमवारची पूजा होती. १९९७ साली सरांचा एक शोधनिबंध छापून आला होता. त्यानंतर जगात कुणीही आपल्या निबंधाखाली त्याचा संदर्भ दिला की एक सायटेशन वाढायचं. लायब्ररीतल्या एकुलत्या एक संगणकावर तो आकडा बघून यायचा आणि फळ्यावर लिहायचा, हे काम सगळ्यात सिनियर विद्यार्थ्याचं. २००८ साली ती सिनियर मी, हेमलता शिंत्रे. पीएचडीची पाच वर्षं संपली होती. प्रबंधाचा सारांश, ज्याला आम्ही सिनॉप्सिस म्हणायचो, तो सहीसाठी सरांच्या टेबलावर दोन महिने लोळत होता.

"पुरस्काराचा अर्ज शुक्रवारी जायला पाहिजे," सर म्हणाले. "या वर्षी त्यांना नुसता आकडा नकोय. इतर संशोधक या कामाबद्दल काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत हवंय. तेवढा तक्ता तू कर."

"म्हणजे चारशे बारा निबंध वाचायचे?"

"वाचायचे कशाला? जिथे माझा संदर्भ येतो तिथलं वाक्य उचलायचं. अक्कल लागत नाही त्याला."

"आणि माझा सिनॉप्सिस, सर?"

"फाइल गेली की सोमवारी सही." मी दारापर्यंत गेले तेव्हा त्यांना आठवलं. "हां, शनिवारी त्या प्रज्ञाचा रिव्ह्यू आहे. पुण्याहून बेडेकर येतायत. तिला म्हणावं, तयारीनं ये. सामान आवरायच्या तयारीनं."

ते हसले. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी किती चिडले ते वाचून कुणाला माझ्याबद्दल गैरसमज व्हायला नको.

प्रज्ञा ऐवळे तिसऱ्या वर्षाला होती. जत तालुक्यातली, वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. तिचा सगळा विषय सरांच्या त्या प्रसिद्ध अभिक्रियेवर उभा होता. दोन रेणू एकमेकांना जोडायचे तर एरवी पॅलेडियम नावाचा महागडा धातू लागतो. सरांनी छापलं होतं की धातू वगैरे काही नको, नुसत्या पाण्यात, सोडा घालून, ऐंशी अंशांवर आठ तास ढवळा, जोडले जातात. पहिली पायरी म्हणून प्रज्ञाने तेवढं करून दाखवायचं होतं. तिने एक्केचाळीस वेळा केलं. एक्केचाळीस वेळा तिच्या वहीत तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं, 'अभिक्रिया नाही.'

स्वयंपाकात जशी एखादीच्या हाताला चव असते, तसा लॅबमध्ये हाताला गुण असतो, अशी आमच्याकडे पक्की समजूत. सर सगळ्यांसमोर म्हणायचे, "हिच्या हाताला गुणच नाही. काही लोकांना हे क्षेत्र जमत नाही." काही लोक म्हणजे कोण लोक, ते ते कधी सांगत नसत. सांगायची गरज नव्हती. प्रज्ञा मान खाली घालून पुन्हा पदार्थ वजन करायला घ्यायची. शनिवारी बेडेकरांनी 'असमाधानकारक' लिहिलं की तिची फेलोशिप बंद, संशोधन बंद, गाडी थेट जतला.

मंगळवारी मी लायब्ररीत बसले. खरंच नुसती वाक्यं उचलणार होते. पण वाक्य उचलायचं तर मागचं-पुढचं दिसतंच.

चारशे बारांपैकी सव्वाशे सरांची स्वतःची आणि आम्हा विद्यार्थ्यांची. त्यातली सहा माझी. उरलेल्यांपैकी बहुतेकांनी प्रस्तावनेत एक माळ घातली होती, 'पाहा संदर्भ तीन ते सतरा', आणि त्या माळेत आमचे सर कुठेतरी नववे मणी. त्यांनी निबंध उघडून पाहिला असेल असं मानायला काही आधार नव्हता. दोघांनी तर सरांच्या नावातली चूकसुद्धा एकमेकांची जशीच्या तशी उतरवलेली.

ती अभिक्रिया प्रत्यक्ष करून पाहिली होती फक्त नऊ जणांनी. नवांपैकी आठांनी लिहिलं होतं, होत नाही. नवव्याने लिहिलं होतं की थोडा पॅलेडियम टाकला तर छान होते. आणि आठांमधल्या एका पोलिश बाईंनी २००१ सालीच छापलं होतं: 'आम्ही ही अभिक्रिया सतरा वेळा केली. ती झाली नाही. मूळ लेखकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.'

माझं डोकं असं सणकलं की प्रिंटआउट घेताना कागद दोनदा अडकवला. तीन वर्षं एका पोरीला नालायक ठरवत होता हा माणूस, आणि पोलंडपासून जपानपर्यंत आठ लॅबमध्ये कुणाच्याच हाताला गुण नव्हता! आणि ही आठ सायटेशनं फळ्यावर आपल्या चारशे बारांत मोजलेली. शिव्यासुद्धा जमेला धरणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मी धावतच लॅबमध्ये गेले आणि कागद प्रज्ञापुढे आपटले. तिने नऊच्या नऊ सावकाश वाचले. मला वाटलं रडेल, नाहीतर नाचेल.

"मग सरांची कशी झाली, ताई?" ती म्हणाली.

"झालीच नसेल! खोटं छापलं असेल."

"नाही. मी जुने स्पेक्ट्रा बघितलेत. त्या आलेखांत दिसतं, पदार्थ तयार झालाय. खोटं नाही ते." तिने कागद नीट जुळवून ठेवले. "काहीतरी होतं त्या फ्लास्कमध्ये, जे आपल्यात नाही."

सिंकपाशी एकनाथमामा काचसामान धूत होते. मामा आमचे लॅब अटेंडंट. तीस वर्षांची नोकरी, आणि लॅबमधलं प्रत्येक भांडं कुणी कधी फोडलं ते तोंडपाठ. ते हात पुसत म्हणाले, "ते काम सुधीर सायबानं केलेलं. सरांचा पयला इद्यार्थी. आता अमेरिकेत हाय. सर कुटं हात लावत व्हते?"

"मग सुधीर साहेबांच्या हाताला गुण होता म्हणा की," मी म्हणाले.

"हाताला कसला गुन? त्येची नीडल बगा की पयली. नीडल कुनाची वापरताय ते इचारा."

नीडल म्हणजे पांढऱ्या टेफ्लॉनमध्ये मढवलेली चुंबकाची बारकी कांडी. फ्लास्कमध्ये टाकायची, खालचं यंत्र सुरू केलं की ती गरगर फिरून मिश्रण ढवळते. आमच्याकडे नीडलींचा कायम तुटवडा. म्हणून प्रत्येक जण आपली नीडल फिल्मच्या रिकाम्या डबीत, वर नाव चिकटवून, कुलपात ठेवायचा. आम्ही एकमेकींना डब्यातली भाजी दिली, साड्या दिल्या, पण नीडल कधी दिली नाही.

मामांनी खिळे-नटांच्या पत्र्याच्या डब्यातून एक नीडल काढली. टेफ्लॉन ओरखडलेलं, आणि त्या ओरखड्यांत काळं काहीतरी मुरलेलं, घासूनही न निघणारं.

"सुधीर साहेब याच्या आधी कशावर काम करायचे, मामा?" प्रज्ञाने विचारलं.

"त्ये काळ्या पावडरीवर. लई म्हाग म्हनून सर मोजून द्याचे."

प्रज्ञाने माझ्याकडे बघितलं. काळी पावडर म्हणजे पॅलेडियम. दोन वर्षं ही नीडल त्या पावडरीत फिरली होती, आणि मग धुऊन 'धातूविना' अभिक्रियेत टाकली होती.

गुरुवारी सकाळी नऊला आम्ही दोन फ्लास्क शेजारी-शेजारी लावले. तेच पदार्थ, तेच पाणी, तेच तापमान. एकात माझी कोरी नीडल, दुसऱ्यात काळी. आठ तास प्रज्ञा स्टुलावरून हलली नाही. पाच वाजता तिने दोन्हींचा एकेक थेंब पट्टीवर लावला, पट्टी वर चढू दिली आणि निळ्या दिव्याखाली धरली. माझ्या नीडलीच्या रांगेत काही नाही. काळ्या नीडलीच्या रांगेत एक नवा ठिपका, गोल, ठळक. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली तो.

मी ओरडलेच. ती मात्र पट्टी हातात धरून बसली.

"आता हीच नीडल अम्लराजात उकळायची," ती म्हणाली. "त्यात पॅलेडियम विरघळतो. मग परत लावायची. झाली नाही, तर मग म्हणता येईल."

"अगं, आता दिसतंय ना ढळढळीत!"

"एका प्रयोगावरून म्हणू नये, ताई. तुम्हीच शिकवलंत."

शुक्रवारी तिने तेही केलं. आम्ल तांबूस झालं, नीडल पांढरी झाली, आणि संध्याकाळी पट्टीवर ठिपका नव्हता. तिने वहीत लिहिलं, 'अभिक्रिया नाही,' आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ते शब्द लिहून ती हसली.

त्याच दुपारी मी पुरस्काराची फाइल सरांपुढे ठेवली होती. माझा पराक्रम ऐका. तक्त्यात मी ती आठ वाक्यं सगळ्यात वर घातली, पोलिश बाईंचं पहिलं. शब्द त्यांचेच, अर्जात मागितले होते तसे. मला वाटत होतं मी सुरुंग पेरतेय.

"पानं किती?" सरांनी विचारलं.

"एकोणतीस."

"छान. जाडजूड दिसली पाहिजे. आकडा ठळक केलास?"

"केला, सर."

त्यांनी एकोणतीस पानांवर एकोणतीस सह्या ठोकल्या. एकही ओळ वाचली नाही. पोलिश बाईंच्या वाक्यावर तर त्यांच्या सहीचं शेपूट गेलं. मी फाइल लखोट्यात घातली, स्वतः स्पीड पोस्टने पाठवली आणि एकटीने रसवंतीत जाऊन उसाचा रस प्यायले. समिती वाचेल, बोंब होईल, चौकशी लागेल. आणि माझं नाव कुठेच येणार नाही. या शेवटच्या गोष्टीचा मला किती आनंद झाला होता, ते तेव्हा कळलं नाही.

शनिवारी अकराला रिव्ह्यू. सरांची केबिन, फळ्यावर ४१२. बेडेकर सर साठीचे, सौम्य, चहात बिस्किट बुडवून खाणारे. सिनियर म्हणून मीही एका खुर्चीत. प्रज्ञा उभी. तिने इस्त्रीचा पांढरा ड्रेस घातला होता आणि हातात वही होती.

"एक्केचाळीस प्रयत्न, प्रगती शून्य," माजगावकर सर म्हणाले. "मी फार संयम ठेवला, बेडेकर. पण शेवटी ज्याच्या त्याच्या कुवतीचं काम."

"काय अडचण येतेय तुम्हाला?" बेडेकरांनी विचारलं.

"अडचण नाही, सर. कारण सापडलंय," प्रज्ञा म्हणाली. तिचा आवाज पहिल्या शब्दाला चिरकला, मग स्थिर झाला. "कोऱ्या नीडलनं अभिक्रिया होत नाही. जुन्या, पॅलेडियममध्ये वापरलेल्या नीडलनं होते. तीच नीडल अम्लराजात उकळली की परत होत नाही. या नोंदी."

माजगावकर सर मोठ्याने हसले.

"ऐका! चारशे बारा शास्त्रज्ञ एकीकडे आणि हिची नीडल दुसरीकडे. उद्या लिंबू-मिरची बांधायला सांगेल फ्लास्कला."

बेडेकर हसले नाहीत. त्यांनी वही उलटी-पालटी केली, चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळले.

"तुम्ही इथे सिनियर. तुम्ही पाहिलंत हे?"

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मी आहे म्हटल्यावर भीती कशाला असेल? सरांनीही माझ्याकडे पाहिलं, आणि सावकाश एक बोट टेबलावरच्या माझ्या सिनॉप्सिसवर ठेवलं.

मी मनात म्हटलं, फाइल गेलीच आहे. खरं काय ते आज ना उद्या बाहेर येणारच आहे. आज मीच तोंड कशाला उघडू?

"पाहिलं, सर," मी म्हणाले. "पण एकदाच केलंय. एका प्रयोगावरून खात्रीनं काही सांगता येत नाही."

बेडेकरांनी मान हलवली. शास्त्रज्ञाला शोभेल असंच बोलले होते मी. त्यांनी वही मिटली आणि फॉर्मवर लिहायला घेतलं. काय लिहिलं ते उलट्या बाजूनेही वाचता येत होतं.

बाहेर व्हरांड्यात प्रज्ञाने मला गाठलं. "दोनदा केलं होतं, ताई."

"हळू बोल. ऐक, मी काल काय केलंय ते तुला सांगितलं नाही." मी तिला फाइलीचं सांगितलं, आठ वाक्यांचं, सह्यांचं. मला वाटत होतं तिचा चेहरा उजळेल. "समितीनं वाचलं ना, की बघच तू!"

"फायलीत?" ती म्हणाली. "तिथं कोण वाचतंय?"

तिने सामान आवरलं. एक ॲप्रन, दोन पुस्तकं, फिल्मची एक डबी. वही न्यायला बंदी होती, ती लॅबची. मामा तिला रिक्षापर्यंत सोडून आले आणि सिंकपाशी येऊन उगाच धुतलेलंच काचसामान पुन्हा धुवायला लागले.

"ती काळी नीडल मला सरांनी फेकायला सांगितल्याली," ते पाठमोरेच म्हणाले.

"कधी?"

"ते पोलंड का काय, तिकडनं पत्र आलं त्या साली. म्हनाले, एकनाथ, सुधीरची नीडल हुडक आन गटारीत टाक. म्या म्हनलं, चांगली फिरतीय, कशापायी टाकायची? ठिवली."

"मामा, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

मामांनी नळ बंद केला आणि माझ्याकडे तोंड केलं. "तुमी आत व्हता न्हवं, हेमाताई? मला कुनी खुर्ची दिली असती तर सांगितलं असतं."

म्हणजे तो माणूस सात वर्षं जाणून होता. तिच्या हातात काही खोट नाही हे माहीत असताना त्याने तिला एक्केचाळीस वेळा त्याच कोरड्या विहिरीत पोहरा टाकायला लावला. मला त्या क्षणी केबिनमध्ये जाऊन फळा फोडावासा वाटला. मी गेले नाही. सोमवारी गेले, आकडा लिहायला. ४१३ लिहिला आणि सही घेतली.

"तू शहाणी आहेस," सर म्हणाले.

तीन महिन्यांनी पुरस्कार जाहीर झाला. आमच्या सरांनाच. समितीच्या पत्रात एक खास वाक्य होतं: 'सायटेशनचा सविस्तर तक्ता अत्यंत प्रभावी आहे.' सरांनी मला ते वाचून दाखवलं आणि पेढा दिला. मी खाल्लासुद्धा.

काळ्या नीडलीचं मी अखेर छापलं, २०१५ साली. सर निवृत्त झाल्यावर. आधी नाही. मामांनी प्रज्ञाची वही जपून ठेवली होती, तिच्यावरून दोन पानांचा निबंध केला. पहिलं नाव प्रज्ञाचं, दुसरं माझं, आभार मामांचे. आजवर त्याला पाच सायटेशन आहेत. त्यातलं एक माजगावकर सरांचं. निवृत्तीनंतरच्या एका लेखात त्यांनी लिहिलंय, 'या अभिक्रियेची उपयुक्तता अनेकांनी सिद्ध केली आहे,' आणि खाली संदर्भांच्या माळेत आमचा निबंध. न वाचता. त्यांचा आकडा आता नऊशेच्या पुढे आहे. मी एका कॉलेजात विभागप्रमुख आहे, आणि दर वर्षी माझ्या लोकांचे आकडे तक्त्यात भरून वर पाठवते.

निबंध छापून आला तेव्हा मी तो प्रज्ञाला पाठवला. ती नगरपालिकेच्या पाणी तपासणीच्या लॅबमध्ये होती. आठवड्याने तिचा फोन आला. सात वर्षांनी आवाज ऐकत होते.

"वाचला, ताई. दोनदा वाचला."

"तुझं नाव पहिलं आहे."

"बघितलं. छान लिहिलाय. एकही वाक्य चुकीचं नाही." तिच्या मागे कुठेतरी नळ वाहत होता. "दुसऱ्या पानावर आहे बघा, 'हे दोन्ही प्रयोग लेखकांनी स्वतः पाहिले आहेत.'"

"हो."

"एवढंच पाहिजे होतं त्या दिवशी. बेडेकर सर पेन उघडून थांबले होते."

"प्रज्ञा, मी पाहिलं होतं," मी म्हणाले. "दोन्ही वेळा. माझी खात्री होती."

"आता कुणी विचारत नाहीये, ताई," ती म्हणाली, आणि तिने तो नळ बंद केल्याचा आवाज आला.